हे कशात मोडतं?

माझी भाची दीड वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. मांडीवर बसून जाड पुठ्ठ्याच्या पानांचं चित्रांचं पुस्तक बघत होती. कुत्र्यावर बोट ठेवलं, "भूभू". पुढचं पान घोड्याचं, "भूभू". बकरी, मेंढी, दोन्ही भूभू. घरातली मंडळी हसायला लागली. "अगं, हा घोडा, घोडा!" असं कुणी तरी सांगूनही पाहिलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि पुढच्या पानावरच्या गाढवालाही भूभूच म्हणाली. मला मात्र त्या दिवशी दुसरीच गोष्ट दिसली. त्याच पुस्तकात मोटार होती, चेंडू होता, फूल होतं, मासा होता. त्यांतल्या एकालाही ती भूभू म्हणाली नाही. तिच्या चुकीला कुंपण होतं, आणि ते कुंपण अगदी विचार करून घातल्यासारखं होतं. चार पाय असलेलं, केसाळ, आपणहून हलणारं ते सगळं आत. बाकीचं बाहेर.

वर्गवारी म्हणजे फळं एका रकान्यात आणि भाज्या दुसऱ्या रकान्यात लिहिण्याचा शाळेतला अभ्यास, असं आपल्याला वाटतं. ती त्याहून फार मूलभूत गोष्ट आहे. आयुष्यात कधीही न पाहिलेली खुर्ची समोर आली तरी तिच्यावर बसता येतं हे आपल्याला विचार न करता कळतं, ते 'खुर्ची' हा गट मनात आधीच तयार असतो म्हणून. तो नसता तर प्रत्येक खुर्ची, प्रत्येक कुत्रा, प्रत्येक चमचा पहिल्यापासून शिकावा लागला असता. मूल जगात येतं तेव्हा त्याच्यापुढे हेच काम असतं, आणि ते बोलायला लागण्याच्या कितीतरी आधीच ते हे काम हाती घेतं.

बोलता न येणाऱ्या बाळाच्या मनात काय चाललंय हे कळणार कसं? संशोधकांनी यासाठी बाळाच्या कंटाळ्याचा उपयोग करून घेतला. एकाच प्रकारची चित्रं दाखवत राहिलं की बाळ कंटाळतं, नजर दुसरीकडे वळवतं. मग काही तरी निराळं दाखवलं की पुन्हा टक लावून बघतं. १९९३ साली पॉल क्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ ते ४ महिन्यांच्या बाळांना वेगवेगळ्या मांजरांची चित्रं दाखवली. त्यानंतर एक नवं मांजर आणि एक कुत्रा शेजारी शेजारी ठेवले. बाळं कुत्र्याकडे जास्त वेळ बघत राहिली. नवं मांजर कधी पाहिलेलं नव्हतं तरी त्यांच्या लेखी ते 'त्यातलंच' होतं. कुत्रा त्यात बसत नव्हता.

मग उलट करून पाहिलं. आधी कुत्रे दाखवले आणि नंतर मांजर. आता बाळांना मांजरात विशेष नवल वाटलं नाही! याचं कारण चित्रांतच होतं. कुत्र्यांमध्ये विविधता फार. कुणाचं नाक लांब, कुणाचं चपटं, कुणी झिपरा, कुणी तुळतुळीत. मांजरं त्या मानाने एकमेकींसारखी. कुत्र्यांचा पसारा इतका मोठा की मांजर त्यात सहज सामावून जातं, पण मांजरांच्या आटोपशीर गटात कुत्रा मावत नाही. म्हणजे ३ महिन्यांचं बाळ 'कुत्रा म्हणजे काय' हे जाणत नसतं. दिसलेल्या चेहऱ्यामोहऱ्यांची सरासरी आणि त्यांतला फरक किती, याचा हिशेब त्याचे डोळे करत असतात. हा हिशेब पूर्णपणे समोर आलेल्या नमुन्यांवर अवलंबून असतो.

वर्षाच्या आसपास यात एक मोठी भर पडते. दिसण्याच्या जोडीला 'हे काय करतं, याचं काय करायचं' हे येतं. जीन मँडलर आणि लॅरेन मॅक्डनो यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. १४ महिन्यांच्या मुलांसमोर त्यांनी खेळण्यातल्या कुत्र्याला कपातून पाणी पाजलं. मग कप मुलाच्या हातात दिला आणि समोर एक दुसरा प्राणी व एक वाहन ठेवलं. मुलांनी पाणी प्राण्यालाच पाजलं, वाहनाला नाही. किल्लीने गाडी सुरू करून दाखवली तर मुलांनी किल्ली वाहनांना लावली, प्राण्यांना नाही. ओळखीच्या नसलेल्या प्राण्यांनाही त्यांनी पाणी पाजलं. 'पितं ते' आणि 'किल्लीने चालतं ते' असे दोन मोठे कप्पे त्या मुलांच्या मनात तयार होते, आणि तेव्हा त्यांना जेमतेम चार शब्द बोलता येत असतील.

शब्द आला की काय होतं

शब्दाची जादू मात्र बोलण्याच्याही आधी सुरू झालेली असते. २०१० सालच्या एका अभ्यासात ३ ते ४ महिन्यांच्या बाळांना चित्रं दाखवताना एका गटाला त्याबरोबर बोलणं ऐकवलं आणि दुसऱ्या गटाला नुसते सूर. बोलणं ऐकलेल्या बाळांनी चित्रांचा गट बांधला, सूर ऐकलेल्यांना तो बांधता आला नाही. या अभ्यासातल्या सँड्रा वॅक्समन यांचं सांगणं असं की बाळासाठी शब्द म्हणजे एक निमंत्रण असतं. या वस्तूंना एकच नाव आहे ना, मग त्यांच्यात काही तरी सारखं असणार, शोध.

शोध घेताना मूल बहुतेक वेळा आकाराचा हात धरतं. १९८८ मध्ये बार्बरा लँडाऊ, लिंडा स्मिथ आणि सुझन जोन्स यांनी २ आणि ३ वर्षांच्या मुलांना एक अनोळखी वस्तू दाखवून तिला एक अर्थहीन नाव दिलं. मग वेगवेगळ्या वस्तू पुढे ठेवून विचारलं, यांतल्या कशाला तेच नाव द्यायचं? माप बदललं तरी मुलांना चाललं, पोत बदलला तरी चाललं. आकार बदलला की मात्र नाव द्यायला नकार. नाव न देता नुसतंच 'यासारखं कोणतं?' विचारलं तर आकाराचा हा आग्रह सैल पडायचा. चंद्राला 'चेंडू' म्हणणाऱ्या मुलाला काव्य सुचलेलं नसतं. नाव आकाराला चिकटतं हा त्याने स्वतःच काढलेला नियम असतो, आणि पेला, चमचा, खुर्ची, टोपी अशा रोजच्या वस्तूंच्या बाबतीत तो बहुतेक वेळा बरोबरच ठरतो.

भाचीच्या भूभूबद्दल अजून एक सांगायला हवं. एक शब्द असा गरजेपेक्षा जास्त ताणून वापरणं १ ते अडीच वर्षांच्या मुलांमध्ये अगदी सर्रास दिसतं. पण घोड्याला भूभू म्हणणाऱ्या मुलासमोर घोडा आणि कुत्रा दोन्ही चित्रं ठेवून "भूभू कुठेय?" विचारा. पुष्कळदा ते बिनचूक कुत्र्यावर बोट ठेवतं. फरक त्याला कळत असतो. घोड्यासाठी शब्द हाताशी नसतो, म्हणून जवळात जवळचा शब्द ते वापरतं. हे समजल्यापासून मी 'चुकलं' हा शब्दच इथे वापरायचं सोडून दिलं आहे. मुलाला त्या प्राण्याबद्दल आपल्याशी बोलायचं असतं आणि असलेल्या भांडवलात ते बोलतं.

पहिले शब्द कोणते येतात, यातही एक गंमत आहे. मूल आधी 'कुत्रा' शिकतं. 'प्राणी' नंतर येतं आणि कुत्र्याच्या जातीचं नाव त्याहून नंतर. एलेनॉर रॉश आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या मधल्या पातळीचं महत्त्व दाखवून दिलं. 'कुत्रा' म्हटल्यावर एक आकृती डोळ्यांसमोर येते, 'प्राणी' म्हटल्यावर अशी एकच आकृती येत नाही. मोठी माणसंही वस्तूचं नाव सांगताना याच पातळीवर आधी येतात, त्यामुळे मुलाच्या कानावरही तेच शब्द जास्त पडतात.

याच वयात मुलाच्या मनातले गट कधी कधी साखळीसारखे वाढत जातात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगॉत्स्की यांनी दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. एका मुलाने तळ्यात पोहणाऱ्या बदकासाठी 'क्वा' असा शब्द वापरला. मग पाण्याला, नंतर बाटलीतल्या दुधाला, सगळ्याच पातळ पदार्थांना क्वा. पुढे एका नाण्यावर गरुडाचं चित्र दिसलं, तर ते नाणंही क्वा, आणि मग नाण्यासारखं गोल असेल ते सगळं क्वा. कडीला कडी जुळलेली आहे, पण पहिल्या कडीचा शेवटच्या कडीशी काही संबंध उरलेला नाही. बदक आणि गोल बटण एका शब्दात का, हे फक्त त्या मुलाचा प्रवास पाहणाऱ्यालाच कळेल. मला वाटतं, मुलांचं बोलणं लिहून ठेवणाऱ्या आईवडिलांच्या वह्या म्हणूनच इतक्या मोलाच्या असतात.

एक वस्तू, दोन कप्पे

तीन वर्षांच्या मुलाबरोबर घरी करून पाहता येईल असा एक खेळ आहे. फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तो प्रयोगशाळेत वापरला. दोन खोकी घ्यायची. एकावर निळ्या सशाचं चित्र, दुसऱ्यावर लाल होडीचं. मुलाच्या हातात पत्ते द्यायचे, लाल ससे आणि निळ्या होड्या. आधी रंगाचा खेळ. लाल लालमध्ये, निळं निळ्यात. मूल झरझर पत्ते टाकतं. मग म्हणायचं, "आता रंगाचा खेळ संपला. आता आकाराचा. ससे सशाच्या खोक्यात, होड्या होडीच्या खोक्यात." मुलाला विचारलं, "ससे कुठे टाकायचे?" तर ते बरोबर खोक्याकडे बोट दाखवतं. लगेच त्याच्या हातात लाल ससा द्या. हात खोक्यांवर जरा घुटमळतो आणि पत्ता पडतो लाल होडीच्या खोक्यात. जुन्याच नियमाने.

नियम तोंडाने सांगता येतो, हाताला तो पाळता येत नाही. चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना हा बदल जमायला लागतो. मधल्या काळात जे पिकत असतं ते वस्तूंबद्दलचं ज्ञान नसतं. एक दृष्टी बाजूला ठेवून त्याच वस्तूकडे दुसऱ्या दृष्टीने बघण्याची, म्हणजे स्वतःलाच आवर घालण्याची ताकद ती. म्हणून या वयाच्या मुलाला "आत्ताच तर सांगितलं ना!" म्हणून ओरडणं मला फार अन्यायाचं वाटतं. ऐकलेलं त्याला समजलेलं असतं.

एक गट दुसऱ्या गटाच्या पोटात असू शकतो, हे कळायला आणखी वेळ लागतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे मुलांना लाकडी मणी दाखवत. पुष्कळसे तपकिरी, दोन-चार पांढरे, पण सगळेच लाकडी. विचारत, "तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी जास्त?" पाच-सहा वर्षांची मुलं ठामपणे सांगत, तपकिरी. सगळे मणी लाकडी आहेत हे त्यांनीच नुकतं सांगितलेलं असे, तरीही. ७-८ वर्षांच्या आसपास उत्तर बदलतं. पियाजेंच्या मते लहान मुलाला पूर्ण गट आणि त्याचा भाग एकाच वेळी मनात धरता येत नाही.

पण प्रश्न कसा विचारला याचाही त्यात वाटा असतो. १९७८ मध्ये जेम्स मॅक्गॅरिगल यांच्या गटाने ६ वर्षांच्या मुलांपुढे खेळण्यातल्या चार गायी आडव्या करून ठेवल्या, तीन काळ्या आणि एक पांढरी. गायी झोपल्या आहेत असं सांगितलं. "काळ्या गायी जास्त की गायी जास्त?" याला १०० पैकी २५ मुलांनी बरोबर उत्तर दिलं. "काळ्या गायी जास्त की झोपलेल्या गायी जास्त?" असं विचारल्यावर ४८ मुलांनी. एका शब्दाने जवळजवळ दुप्पट. 'झोपलेल्या' म्हटल्याने अख्ख्या कळपाकडे लक्ष जातं. मोठ्या माणसालाही पहिला प्रश्न विचित्रच वाटतो, कारण एखादा गट आणि त्याचाच भाग यांची तुलना आपण एरवी कधी करत नाही.

आत काय आहे?

चार वर्षांच्या आसपास मुलं दिसण्याच्या पलीकडे जायला लागतात. सुझन गेलमन आणि एलेन मार्कमन यांनी १९८६ मध्ये मुलांना एक फ्लेमिंगो पक्षी आणि एक वटवाघूळ दाखवून दोघांबद्दल वेगवेगळी माहिती दिली. मग एक काळा पक्षी दाखवला, दिसायला वटवाघळासारखा, पण सांगताना पक्षी म्हणून सांगितलेला. याच्या बाबतीत कोणती माहिती लागू? दिसण्याला भुलून वटवाघळाची लावावी, असा मोह व्हायला हवा होता. चार वर्षांच्या मुलांनी बहुतेक वेळा फ्लेमिंगोची लावली. पक्षी तो पक्षी, दिसो कसाही.

म्हणजे चौथ्या वर्षी सगळं समजलं, असं मात्र नाही. फ्रँक काइल मुलांना एक गोष्ट सांगत. डॉक्टरांनी एका रॅकूनचे केस रंगवले, पाठीवर पांढरा पट्टा काढला, अंगात दुर्गंधी सोडणारी पिशवी बसवली. आता तो हुबेहूब स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या दुसऱ्याच प्राण्यासारखा दिसतो, तसाच वास सोडतो. तो काय आहे? पाच-सहा वर्षांच्या मुलांतली पुष्कळ म्हणत, स्कंक. नऊ-दहा वर्षांची म्हणत, छे, रॅकूनच तो, वरून काहीही करा. प्राण्याला नुसता पोशाख चढवला असेल तर मात्र लहान मुलंही फसत नसत. आणि चहा-कॉफीच्या भांड्याला भोकं पाडून पक्ष्यांना दाणे घालायचं भांडं केलं, तर लहानमोठी सगळीच मान्य करत की आता ते दाण्याचं भांडं झालं. माणसाने घडवलेली वस्तू उपयोगाने ठरते आणि जिवंत प्राणी जन्माने, ही मोठी विभागणी वयाबरोबर अशी ठाशीव होत जाते.

यावर संशोधकांत वाद आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. गेलमन यांच्या बाजूचे म्हणतात, लहान मुलालाही 'आत काही तरी असतं, जे त्याला ते बनवतं' ही जाणीव असते. व्लादिमिर स्लाउत्स्की यांच्या बाजूचे म्हणतात, लहान मूल आधी नुसतं सारखेपण मोजतं आणि नावही त्याच्या दृष्टीने सारखेपणाचीच एक खूण असते. स्लाउत्स्की आणि अ‍ॅना फिशर यांचा २००४ सालचा एक निष्कर्ष मला थक्क करून गेला. मांजरं, अस्वलं, पक्षी अशी चित्रं दाखवून त्यांनी मुलांना आणि मोठ्यांना विचारलं की मांजराच्या शरीरात असलेली अमुक गोष्ट या प्राण्याच्याही शरीरात असेल का. नंतर अचानक परीक्षा घेतली, यांतली नेमकी कोणती मांजरं तुम्ही आधी पाहिली होती? ५ वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा सरस ठरली. मोठ्यांनी प्रत्येक चित्र पाहून 'मांजर' एवढीच नोंद केली आणि पुढे गेले. मुलांनी प्रत्येक मांजर निरखून पाहिलं होतं. मग मुलांना मोठ्यांसारखा गटावरून विचार करायला शिकवलं, तेव्हा त्यांची ही स्मरणशक्तीसुद्धा मोठ्यांइतकीच कमी झाली. गट शिकताना आपण काही गमावतोही.

प्राण्यांहून अवघड असतात माणसांनी ठरवलेले गट. मामा म्हणजे कोण? लहान मुलाच्या मते मामा म्हणजे मोठा माणूस, लाड करणारा, भेटवस्तू आणणारा. आईचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असेल तर तो मामा असू शकतो का? काइल आणि नॅन्सी बॅटरमन यांनी १९८४ मध्ये मुलांना याच धाटणीचे प्रश्न विचारले. लहान मुलं म्हणाली, छे, तो तर बाळ आहे! घरातल्यांनीच 'घेऊन जा' म्हटलेला टीव्ही नेणारा, बंदूक बाळगणारा, दिसायला भयंकर माणूस त्यांच्या मते चोर होता. आणि न विचारता घरातली वस्तू उचलून नेणारी हसतमुख, प्रेमळ बाई चोर नव्हती. शाळेत काही वर्षं गेल्यावर मुलं लक्षणाकडून व्याख्येकडे वळतात. हा बदल सगळ्या शब्दांत एकदम होत नाही. ज्या विषयाची माहिती वाढली त्या विषयातले शब्द आधी बदलतात. त्यामुळे 'सात वर्षांच्या मुलाला व्याख्या कळते' अशी सरसकट विधानं वाचली की मी सावध होते.

आणि मग माणसांचे गट. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत काळजीचा भाग. १९९७ मध्ये रेबेका बिगलर यांच्या गटाने उन्हाळी वर्गातल्या मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट दिले. कुठल्या मुलाला कुठला, याला काही अर्थ नव्हता. ज्या वर्गांत शिक्षक रंगावरून मुलांना बसवत, रांगा लावत, त्या वर्गांतली मुलं काही आठवड्यांत आपल्या रंगाची मुलं जास्त चांगली मानायला लागली.

मार्जोरी ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ४ वर्षांच्या मुलांना काल्पनिक लोकांचं चित्रमय पुस्तक वाचून दाखवलं. या लोकांना त्यांनी 'झार्पी' असं नाव दिलं होतं. दिसायला ते सगळे वेगवेगळे. काही मुलांसाठी वाक्यं अशी होती, "झार्पी किड्यांना घाबरतात." काहींसाठी, "हा झार्पी किड्याला घाबरतो." चित्रं तीच. 'झार्पी घाबरतात' ऐकलेल्या मुलांना वाटायला लागलं की झार्पी जन्मतःच तसे असतात आणि सगळे एकसारखे असतात. आईवडिलांच्या मनात ही समजूत रुजवली तर मुलांशी बोलताना त्यांच्याही तोंडी 'झार्पी असे असतात' या घाटाची वाक्यं जास्त आली. घोडे गवत खातात, मासे पाण्यात राहतात, हे सांगायला आपण जी वाक्यरचना वापरतो, तीच माणसांबद्दल वापरली की मूल तोच अर्थ घेतं.

भाची आता चार वर्षांची आहे. परवा एका गोष्टीच्या पुस्तकात "मुली अंधाराला घाबरतात" असं छापलेलं वाक्य आलं. मी वाचलं, "ही मुलगी अंधाराला घाबरली." तिने चित्राकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "का? काय झालं तिला?"